शिवडीच्या शेवरोलेचा टप

आमच्या शेवरोले मोटारीच्या जुन्या टपाचे, म्हणजे दुमडत्या कापडी छपराचे, रेक्झिन उतरवायला आम्हांला दोन पूर्ण दिवस लागले. कात्री चालवली असती तर हे काम अर्ध्या तासात उरकले असते, आणि गाडीवर मूळ टपाचा जो एकमेव पुरावा शिल्लक होता तोही चिंध्यांबरोबर उकिरड्यावर गेला असता. टप ज्यांवर ताणलेला असतो त्या लाकडी कमानींपैकी मागच्या कमानीवर, रेक्झिनच्या आणि त्याखालच्या खाकी कॅनव्हासच्याही खाली, नऊ गंजक्या चुकांनी (बारीक खिळ्यांनी) धरून ठेवलेली बोटभर रुंद आणि वीतभर लांब अशी एक कापडी पट्टी मिळाली. तिची वरची बाजू काळी होती आणि तिच्यावर कातड्यासारखी बारीक, लांबट रेघ उठवलेली होती. आतली बाजू ड्रिल नावाच्या जाड सुती कापडाची, करड्या रंगाची होती. दोन्हींच्या मधला रबराचा थर जळक्या पापडासारखा झाला होता आणि बोट लावताच भुगा होऊन गळत होता. गाडी नवी असताना तिच्या डोक्यावर काय होते, ते मला त्या पट्टीने पहिल्यांदा दाखवले.

ही गाडी म्हणजे शेवरोलेच्या १९२८ सालच्या नॅशनल एबी मालिकेतली पाच आसनांची टूरिंग. जनरल मोटर्सने त्याच वर्षी मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना सुरू केला आणि ४ डिसेंबर १९२८ रोजी तिथून जी पहिली शेवरोले बाहेर पडली ती याच मालिकेतली टूरिंग होती. सुटे भाग पेट्यांतून बोटीने येत आणि शिवडीला त्यांची गाडी होई. आमची गाडी आजोबांनी काही वर्षांनी दुसऱ्या हाताने घेतली आणि तेव्हापासून ती कोल्हापुरात आमच्याच घरी आहे. चार सिलिंडरचे १७१ घन इंचांचे इंजिन, चारही चाकांना ब्रेक (शेवरोलेला ते याच मालिकेपासून मिळाले) आणि दोन आसांमधले १०७ इंचांचे अंतर. हा शेवटचा आकडा पुढे फार उपयोगी पडला, म्हणून तो इथेच सांगून ठेवतो.

टूरिंग गाडीला पत्र्याचे छप्पर नसते आणि दारांना वर-खाली होणाऱ्या काचाही नसतात. लाकडी कमानींवर ताणलेला, मागे दुमडता येणारा कापडी टप आणि बटणांनी लावायचे बाजूचे पडदे, एवढाच तिचा निवारा असतो. १९१९ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दहा गाड्यांपैकी नऊ अशा उघड्या असत. १९२७ पर्यंत हे प्रमाण जवळजवळ उलटे झाले आणि बंद गाड्यांचे राज्य आले. त्यामुळे आमची गाडी एका सरत्या काळाची प्रतिनिधी आहे. अशा गाडीत इंजिनाइतकेच महत्त्व टपाला आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. टप गळू लागला की पाणी मागच्या आसनाभोवतीच्या लाकडी पट्टीत मुरते, ती पट्टी कुजते, आणि पत्र्याखालचा सगळा सांगाडाच लाकडाचा असल्यामुळे ती कूज हळूहळू दारांच्या खांबांपर्यंत पोहोचते. आमच्या गाडीत ती डाव्या मागच्या दारापर्यंत पोहोचली होती.

वर सांगितलेले खाकी कॅनव्हास वडिलांच्या तरुणपणी बसवलेले होते. सुती कॅनव्हास पहिल्या पावसात आकसते, उन्हात सैल पडते, आणि ओले असताना दुमडून ठेवले की त्याच्या घड्यांत बुरशी धरते. आमच्या कॅनव्हासवर त्या बुरशीचे काळे ठिपके घडीच्या रेषांवरून ओळीने चालत गेलेले होते. त्याच्यावर १९८० च्या सुमारास एका दुकानात रेक्झिन चढवले गेले, आणि माझी खरी तक्रार त्या कामाबद्दल आहे. शिवलेले रेक्झिन आखूड पडले, तेव्हा त्या कारागिराने ते उसवून पुन्हा शिवण्याऐवजी तिसऱ्या कमानीचे पाय कापले आणि कमान खाली आणली. कापड ताठ बसले, गाडी दिसायला नेटकी झाली, वडिलांनी पैसे चुकते केले. मात्र तेव्हापासून तिसऱ्या कमानीपाशी टपाला खळगा पडला आणि पुढची चाळीस वर्षे प्रत्येक पावसात त्या खळग्यात तांब्याभर पाणी साचत राहिले. तेच पाणी शिवणीतून झिरपून मागच्या आसनावर उतरत असे. लहानपणी त्या आसनावर बसताना आम्ही खाली पोते अंथरत असू, आणि जुन्या गाड्या गळायच्याच, अशी आमची सर्वांची समजूत होती.

कुशनचे काम करणारे चाचा पहिल्या दिवशी गाडी पाहायला आले तेव्हा मी त्यांच्यापुढे कापडांचे नमुने ठेवले. त्यांनी त्यांना हातसुद्धा लावला नाही. ते गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसले, एक डोळा मिटून कमानींच्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, आधी वासं सरळ करून घ्या, मग कौलं घालू." त्यांच्या या एका वाक्याने पुढच्या तीन महिन्यांचे वेळापत्रक ठरले.

कमानींची मूळ उंची कळणार कशी, हा पहिला प्रश्न होता. तिसरी कमान कापलेली होती, पुढची कमान खालून कुजून वाकली होती आणि उरलेल्या दोन कमानी त्यांच्याबरोबर खाली ओढल्या गेल्या असण्याची शक्यता होती. अशा वेळी घरातले एक जुने छायाचित्र कामी आले. त्यात आजोबा गाडीच्या बॉनेटला टेकून उभे आहेत, टप चढवलेला आहे आणि सुदैवाने गाडी जवळजवळ अगदी बाजूने टिपलेली आहे. ते छायाचित्र मी इतके मोठे करून घेतले की पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यबिंदूंमधले अंतर बरोबर ५३.५ सेंटीमीटर झाले. प्रत्यक्षात ते अंतर १०७ इंच आहे, म्हणजे छायाचित्रातला अर्धा सेंटीमीटर हा गाडीवरचा एक इंच ठरला. मग मोजपट्टी घेऊन छायाचित्रात दाराच्या वरच्या कडेपासून प्रत्येक कमानीची उंची मोजली आणि ती गाडीवरच्या उंचीशी ताडून पाहिली. चार कमानींपैकी पहिल्या आणि चौथ्या कमानीच्या उंचीत पडलेला फरक नगण्य निघाला. दुसरी पाऊण इंचाने खाली होती आणि कापलेली तिसरी दोन इंचांनी. छायाचित्रातला टप पुढून मागे एका सलग, किंचित फुगीर रेषेत जातो आणि त्याच्यावर कुठेही खळगा नाही, हेही तेव्हाच डोळ्यांत भरले. ते छायाचित्र दिवाणखान्याच्या भिंतीवर माझ्या जन्माआधीपासून टांगलेले आहे.

मूळ कमानी ॲश नावाच्या लाकडाच्या आहेत. ते लाकूड चिवट असते, वाफेवर सहज वाकते आणि चूक ठोकली तर फाटत नाही. आपल्याकडे ते सहजी मिळत नाही. सुतारकाकांचे म्हणणे असे पडले की साग पावसाला उत्तम, पण इतक्या लहान वळणात अखंड साग वाकवायला गेले तर त्याचे तंतू फुटतात. म्हणून त्यांनी सागाच्या तीन-तीन मिलिमीटर जाडीच्या सात पट्ट्या काढल्या, जुन्या कमानीच्या वळणाचा साचा जाड फळीतून कापला आणि पट्ट्यांना पाण्याने न सुटणारा डिंक लावून, त्या साच्याभोवती शिकंजांनी आवळून दोन दिवस तशाच ठेवल्या. साच्यावरून सुटलेली कमान हातात घेतली तेव्हा तिच्या कडेवर सातही थर एखाद्या वहीच्या पानांसारखे दिसत होते. पहिली आणि तिसरी कमान अशा नव्या केल्या. उरलेल्या दोन जुन्याच ठेवल्या. त्यांच्यावर तीन पिढ्यांच्या चुकांची इतकी भोके होती की नवी चूक धरायला लाकूडच उरले नव्हते. सुतारकाकांनी बांबूच्या बारीक काड्या डिंकात बुडवून एकेका भोकात बसवल्या आणि वाळल्यावर तासून काढल्या. या एकाच कामाला चार दिवस गेले. मागच्या आसनाभोवतीची कुजलेली पट्टीही त्यांनी सागाचीच केली.

कमानींचे पाय ज्या लोखंडी पट्ट्यांच्या खोबणीत बसतात, त्या पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूंना सांध्यांवर दुमडतात. डाव्या बाजूचा मुख्य सांधा झिजला होता आणि त्यामुळे तो सगळा भाग उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली लोंबत होता. उद्यमनगरातल्या एका लेथवर पितळी बुश (सांध्यात बसणारी नळी) करून घेतले आणि तो दोष गेला. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो आहे, कारण दोन्ही बाजूंची उंची सारखी नसेल तर टपावर तिरकी सुरकुती पडते, आणि ती सुरकुती शिवणकामाचा दोष समजून लोक कारागिराला बोल लावतात.

कमानी उभ्या राहिल्यावर चाचांनी त्यांना नवारीने बांधले. खाटेला विणतात तीच सुती नवार पुढच्या कमानीपासून मागच्या लाकडी पट्टीपर्यंत दोन ठिकाणी ओढून प्रत्येक कमानीवर ठोकली, आणि मग कमान जिथल्या तिथे राहिली. टप दुमडताना ही नवार सैल होते आणि चढवताना कमानींना पुन्हा त्याच अंतरावर आणून थांबवते. छायाचित्रावरून काढलेली मापे आम्ही या टप्प्यावर पुन्हा तपासली. तिसरी कमान अजून पाव इंच कमी होती. खोबणीत पत्र्याची चकती घालून तीही कसर काढली.

कापडाच्या निवडीवर मात्र माझा बराच काळ खल चालला होता. बाजारातले आसनांचे रेक्झिन स्वस्त आणि हवे त्या रंगात मिळते, परंतु ते घराच्या आत वापरण्यासाठी केलेले असते. आपल्या उन्हात त्यातला मऊपणा काही वर्षांत उडून जातो आणि घडीवर ते तडकते. कॅनव्हासचा अनुभव घरातच होता. शेवटी त्या वीतभर पट्टीने निर्णय केला. अमेरिकेत हार्ट्झ नावाची कंपनी १९०७ पासून आहे आणि गाड्यांच्या टपांचे कापड ही तिची खासियत. काळे, लांबट रेघ उठवलेले आणि आतून करडे सुती असलेले त्यांचे कापड पट्टीशेजारी ठेवल्यावर पोत इतका जुळला की मी ते परिचितांकरवी मागवले. वरचा थर आता रबराचा नसून व्हिनाइल या प्लास्टिकचा आहे, हे मान्य केले पाहिजे. मूळ पद्धतीचे रबरी कापड वापरले असते तर मला अधिक समाधान वाटले असते, पण गाडी पावसात बाहेर काढायची ठरवली आहे, आणि ज्या पदार्थाचा भुगा मी स्वतःच्या बोटांनी झटकला होता तोच पुन्हा डोक्यावर घ्यायला मन तयार होईना.

टपाला साडेपाच मीटर कापड लागले. कापडाचा पन्हा कितीही मोठा असला तरी टपाच्या दोन्ही बाजूंचा उतार त्यात मावत नाही, म्हणून मधला मोठा तुकडा आणि दोन बाजूंचे अरुंद तुकडे जोडावे लागतात. हे जोड कुठे येतात याला महत्त्व आहे. कमानींवरून पुढून मागे, डाव्या-उजव्या अंगाला, कापूस भरलेल्या दोन लांब गाद्या ताणलेल्या असतात, जेणेकरून कमानींच्या कडा कापडाला आतून काचू नयेत. शिवण बरोबर त्या गाद्यांवर आली पाहिजे. शिवाय मधल्या तुकड्याची कड बाजूच्या तुकड्यावर चढलेली हवी, कौलावर कौल चढते तशी, म्हणजे पाणी जोडात न शिरता वरून ओघळते. चाचांनी जुन्या टपाचे उसवलेले तुकडे कापडावर अंथरले, पण कापण्याआधी कमानींवर साध्या मांजरपाटाचा एक कच्चा टप बेतून पाहिला. जुने तुकडे कापलेल्या कमानीच्या मापाचे होते. त्यांच्यावर विसंबून राहिलो असतो तर ८० सालची चूक पुन्हा केली असती. मांजरपाट मागच्या कोपऱ्यांत तब्बल पावणेदोन इंच जास्त लागले.

टप प्रत्यक्ष ठोकला तो चैत्रातल्या एका सकाळी. व्हिनाइलचे कापड उन्हात थोडे सैलावते आणि गार झाले की ताठते, म्हणून कोवळ्या उन्हात ते अर्धा तास तापवून घेतले. भर दुपारच्या उन्हात ओढून ठोकले असते तर थंडीत टप पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत पोहोचलाच नसता. आधी मागचा पडदा चौथ्या कमानीवर बसवला, मग त्याच्यावरून टपाचे मुख्य कापड. चाचांची ठोकायची पद्धत मी अगदी जवळ उभा राहून पाहिली. मूठभर चुका ते तोंडात टाकतात. जिभेने एकेक चूक फिरवून तिचे डोके ओठांबाहेर आणतात, हातोडीचे लोहचुंबकी टोक तिथे लावतात, चूक तिला चिकटते आणि त्याच झोक्यात लाकडात बसते. डावा हात सगळा वेळ कापड ओढण्यासाठी मोकळा राहतो. कमानीच्या मध्यावर एक चूक, मग एक डावीकडे, एक उजवीकडे, असे ते मध्याकडून कडेकडे जात होते, आणि चार सूत लांबीची प्रत्येक चूक फक्त अर्धी ठोकत होते. सगळा टप असा अर्ध्या चुकांवर तीन दिवस उभा ठेवला. चौथ्या दिवशी कापड जिथे जिथे सैलावले होते तिथल्या चुका काढून, पुन्हा ओढून पूर्ण ठोकल्या. त्यांच्यावरून त्याच कापडाची एक दुमडपट्टी येते. तिला मधोमध चीर असते, चिरेत चुका ठोकायच्या आणि लाकडी मोगरीने हलके ठोकून चीर मिटवायची. पट्टी बसली की एकही चूक दिसत नाही. टोकांना छोट्या धातूच्या टोप्या लावल्या की ते काम संपते.

शिवणीसाठी चाचांनी सुताने वेढलेला दोरा आग्रहाने वापरला. सुई कापडाला भोक पाडते आणि त्यातून पाणी येते. सूत ओले झाले की फुगते आणि ते भोक बुजवते. निव्वळ नायलॉनचा दोरा अधिक मजबूत असतो, पण तो फुगत नाही.

बाजूच्या पडद्यांबद्दल थोडक्यात लिहितो. टप दोन आठवडे ताणलेला राहून स्थिरावल्याशिवाय पडद्यांची मापे घेऊ नयेत, कारण तोवर टपाची कड अर्धा इंच इकडेतिकडे सरकते आणि टिचबटणे एकमेकांसमोर येत नाहीत. जुन्या पडद्यांच्या खिडक्या सेल्युलॉइडच्या होत्या, चहासारख्या पिवळ्या पडलेल्या आणि तडकलेल्या. शिवाय सेल्युलॉइड चटकन पेट घेते. त्यामुळे तिथे पारदर्शक व्हिनाइल घातले. दारांच्या पडद्यांना लोखंडी सळई असते आणि ती दाराच्या कडेतल्या भोकात उभी राहते, म्हणून दार उघडले की पडदाही दाराबरोबर उघडतो. या सळया मूळच्याच आहेत आणि फक्त रंगवल्या आहेत.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला तेव्हा गाडी अंगणात मुद्दाम उभी ठेवली होती. मी आणि धाकटी मुलगी टॉर्च घेऊन मागच्या आसनावर बसलो. टपावर पावसाचा आवाज इतका मोठा येत होता की एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. तिसऱ्या कमानीखाली मी हात फिरवला. अस्तर कोरडे होते. पाऊण तासाने डाव्या मागच्या कोपऱ्यात, मागच्या पडद्याच्या शिवणीवर, एक थेंब जमला, बराच वेळ तिथेच लोंबकळला आणि मग आसनावर पडला. त्याच्यामागून दुसरा आला नाही. दुसऱ्या दिवशी चाचा आले, त्यांनी शिवणीवर बोट फिरवून एक रिकामे भोक शोधून काढले, सुई तिथे एकदा चुकून जास्तीची टोचली गेली होती, आणि मेणाची गोळी चोळून ते बुजवले.

टप पुसायला साधे पाणी आणि सौम्य साबण पुरतो. पूर्वी चकाकी यावी म्हणून लोक टपावरून रॉकेलचा फडका फिरवत, आमच्याकडेही ते होत असे. रॉकेलने रबरही खराब होते आणि व्हिनाइलही. गाडी उभी असते तेव्हा टप चढवलेलाच ठेवतो, कारण घडीत राहिलेले कापड घडीवरच म्हातारे होते. आणि ओला टप कधीही, कितीही घाई असली तरी, दुमडत नाही.

पहिल्यांदा तो दुमडला जूनच्या पहिल्या रविवारी, कडक ऊन असताना. या कामाला दोन माणसे लागतात. पुढच्या चौकटीच्या कळा सोडून मी एका बाजूने आणि मुलीने दुसऱ्या बाजूने पुढची कमान उचलली आणि मागे नेली. ती खाली येत असताना कमानींच्या मधले कापड आम्ही मागच्या बाजूला ओढून घेत होतो, कारण ते लोखंडी सांध्यांत सापडले तर कात्रीने कापल्यासारखे कापले जाते. मागच्या खिडकीच्या काचेवर जुनी दुलई घातली, कमानी मागच्या आधारांवर एकमेकींना न घासतील अशा बसवल्या, पट्टे आवळले आणि वरून खोळ चढवली. रंकाळ्यापर्यंत जाऊन आलो आणि घरी येताच टप पुन्हा उभा केला. डाव्या कोपऱ्यात एक इंचभर घडी राहिली आहे. चाचांच्या मते ती उन्हाने आपोआप जाईल, त्यामुळे दिवाळीपर्यंत मी तिला हात लावणार नाही. त्या वीतभर पट्टीला मात्र दोन काचांच्या मध्ये बसवून आजोबांच्या छायाचित्राखाली लावले आहे, आणि तिच्या नऊही चुका कागदाच्या पुडीत बांधून मागे चिकटवल्या आहेत.